विश्लेषण : मापपट्टी ह्यूस्टनची, बाळ जव्हारचे… तरुण रेडिओलॉजिस्टना संशोधनाचे धडे कशासाठी?

पदव्युत्तर वैद्यकीय विद्यार्थ्यांना आता तीन महिने जिल्ह्यातील सरकारी रुग्णालयात काम करावे लागते. सोनोग्राफी आणि क्ष-किरण तपासणीचे शिक्षण घेणारे निवासी डॉक्टरही त्याला अपवाद नाहीत. हे तीन महिने केवळ अहवाल लिहिण्यात जावेत, की जव्हार-मोखाड्यासारख्या भागातील प्रश्नांची शास्त्रीय उत्तरे शोधण्यात? या प्रश्नाचा थेट संबंध तिथल्या गरोदर मातांशी आणि बालकांशी आहे. तो कसा, याविषयी…

चर्चा कशामुळे?

राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या ‘पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण विनियम, २०२३’मध्ये जिल्हा निवासी कार्यक्रम कायम ठेवण्यात आला. तिसऱ्या, चौथ्या किंवा पाचव्या सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने तीन महिने जिल्हा पातळीवरील सरकारी रुग्णालयात काढायचे, अन्यथा अंतिम परीक्षेला बसता येत नाही. आधीच्या नियमात अशा रुग्णालयासाठी किमान १०० खाटांची अट होती, ती आता ५० वर आली. म्हणजे कागदोपत्री तरी दुर्गम तालुक्यांतील रुग्णालयांचे दार उघडले.

याच नियमांत एक तरतूद आहे, जिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. या निवासी डॉक्टरांना भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) संशोधन केंद्रांत आणि क्षेत्रीय ठिकाणीही पाठवता येते. पालघर जिल्ह्यात असे केंद्र आहे. मुंबईच्या परळ येथील राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेचे ‘आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र’ डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयाशी जोडलेले आहे. जव्हार त्याच जिल्ह्यात, मोखाडा त्याला लागून. नियम आहे, केंद्र आहे, प्रश्न तर ढीगभर आहेत. या तिन्हींची गाठ घालून देणारे प्रशिक्षण मात्र वेगळे द्यावे लागते.

जव्हार-मोखाड्याचाच विचार का?

२०११च्या जनगणनेनुसार जव्हार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ४० हजार आणि मोखाड्याची सुमारे ८३ हजार. दहापैकी नऊ माणसे आदिवासी. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी. १९९२-९३ मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीतील बालमृत्यूंनी राज्य हादरले. २०१४ मध्ये पालघर स्वतंत्र जिल्हा झाला, पण २०१६ मध्ये मोखाड्यातील कुपोषणाच्या बातम्या पुन्हा पहिल्या पानावर आल्या. ऑगस्ट २०२२ मध्ये मोखाडा तालुक्यातील मरकटवाडीत सातव्या महिन्यातच घरी प्रसूती झालेल्या महिलेची जुळी बाळे दगावली आणि रक्तस्राव होत असलेल्या त्या मातेला रस्त्याअभावी डोलीतून न्यावे लागले.

गुंतागुंतीचा रुग्ण असला की जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयातून किंवा मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयातून गाडी नाशिककडे, ठाण्याकडे नाही तर सिल्वासाकडे वळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यात दहा नवी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली, त्यांत अंबरनाथ आणि नाशिकचे नाव होते, पालघरचे नव्हते. त्यामुळे इथल्या रुग्णांची छायाचित्रे बाहेर जातात, अहवाल बाहेरून येतात आणि त्या अहवालांमागचे आकडे तर आणखी लांबून आलेले असतात.

सोनोग्राफी यंत्रातले आकडे येतात कुठून?

गर्भाचे वजन सोनोग्राफीत कुणी तोलत नाही. यंत्रावर डोक्याचा व्यास व घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजली जाते आणि एक सूत्र त्यावरून वजनाचा अंदाज काढते. मग हा अंदाज ‘इतक्या आठवड्यांच्या गर्भाचे वजन इतके असावे’ अशा तक्त्याशी ताडला जातो. शंभर बाळांच्या रांगेत बाळ तळाच्या दहांत पडले, तर त्याची वाढ खुंटल्याची शंका घेतली जाते.

जगभरच्या यंत्रांत सर्वाधिक वापरले जाणारे सूत्र आणि तक्ता अमेरिकेतील ह्यूस्टनच्या डॉ. फ्रँक हॅडलॉक यांचे. सूत्र १९८५चे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेला वजनाचा तक्ता ३९२ गर्भवतींच्या तपासणीवर उभा आहे आणि त्या प्रामुख्याने मध्यमवर्गीय गोऱ्या स्त्रिया होत्या. हा काही त्या संशोधनाचा दोष नव्हे. त्यांनी आपल्या दारातल्या स्त्रियांना मोजले. आपण आपल्या दारातल्या मोजल्या का, हा खरा प्रश्न.

महाराष्ट्राने मोजल्या, पण थोड्या. ‘इंटरग्रोथ-२१’ या आठ देशांतील अभ्यासाचे भारतातील केंद्र नागपूर होते. त्याचे गर्भवाढीचे तक्ते २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. त्यात मुद्दाम निरोगी, सुपोषित, किमान १५३ सेंटिमीटर उंचीच्या माता निवडल्या होत्या, कारण बाळाची वाढ उत्तम परिस्थितीत कशी होते हे पाहायचे होते. ही चाळणी मोखाड्यातील पाड्यांवर लावली तर किती माता उरतील?

दुसरे उदाहरण पुण्याचे. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात पुण्याजवळच्या गावांतील मातांचा पाठपुरावा केला. तिथल्या नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो भरले, इंग्लंडमधील साउथॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. बाळे बारीक होती, पण त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. याच अभ्यासात गरोदरपणाच्या मध्यावर सोनोग्राफीने वारेचे आकारमान मोजले गेले. आईचे गरोदरपणापूर्वीचे वजन कमी असेल तर वार लहान आणि वार लहान तर बाळाचे वजन कमी, असा धागा त्यातून हाती लागला. साध्या यंत्रावर नेमके, तेच ते मोजमाप शेकडो वेळा सारख्या पद्धतीने केले की काय निघू शकते, याचा हा घरचा नमुना.

तारीख चुकली तर काय बिघडते?

बरेच काही. समजा, सोनोग्राफीत गर्भाचे वजन १५०० ग्रॅम आले. माता ३२ आठवड्यांची गरोदर असेल, तर हॅडलॉकच्या तक्त्यानुसार हे बाळ तळाच्या दहांत. तीच माता प्रत्यक्षात ३० आठवड्यांची असेल, तर बाळ जवळपास सरासरीचे. दोन आठवड्यांच्या फरकाने एकीला नाशिकची वाट धरावी लागते आणि दुसरीला घरी पाठवले जाते. उलटही घडते. तारीख मागे धरली गेली, तर खरोखर खुरटलेले बाळ ‘ठीक’ म्हणून सुटते.

पहिल्या तिमाहीत सोनोग्राफी झाली तर गर्भाचे वय जेमतेम आठवडाभराच्या फरकाने कळते. २८ आठवड्यांनंतर पहिल्यांदाच तपासणी झाली, तर चूक तीन आठवड्यांपर्यंत जाऊ शकते. आणि इथे जव्हार-मोखाड्याचे वर्षाचे गणित आडवे येते. भाताची कापणी उरकली, दिवाळी झाली की अनेक कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर नाहीतर बांधकामांवर निघून जातात. गरोदरपणाचे सुरुवातीचे महिने भट्टीवर गेलेली बाई गावी परतते तेव्हा पाचवा-सहावा महिना उलटलेला असतो. पाळीची तारीख आठवणीने सांगायची, तीही ‘शिमग्याच्या आसपास’. आशाताईच्या वहीत त्याची एक तारीख होते, ती यंत्रात भरली जाते आणि पुढचे सारे गणित तिच्यावर चालते.

यावर देशात काम सुरू आहे. हरियाणातील गुरुग्रामच्या सरकारी रुग्णालयातील गर्भवतींच्या माहितीवरून फरिदाबादची टीएचएसटीआय ही संस्था आणि आयआयटी मद्रास यांनी दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीतील गर्भाचे वय काढण्याचे ‘गर्भिणी-जीए२’ हे सूत्र २०२४ मध्ये मांडले. आधीच्या सूत्रांच्या तुलनेत चूक जवळपास तिपटीने कमी होते, असे संशोधकांचे म्हणणे. पण गुरुग्रामची माता आणि मोखाड्याची माता एकच का? ते सूत्र इथे ताडून पाहणे हा एखाद्या निवासी डॉक्टरच्या प्रबंधाचा नेमका, आवाक्यातला विषय आहे. त्याला कोट्यवधींचे यंत्र लागत नाही.

यंत्र पोहोचले की मृत्यू कमी होतात?

‘प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सोनोग्राफी द्या’ ही मागणी ऐकायला बरी वाटते. जागतिक आरोग्य संघटनाही २४ आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी व्हावी असे २०१६ पासून सांगते. पण काँगो, ग्वाटेमाला, केनिया, पाकिस्तान आणि झाम्बिया या पाच देशांतील ग्रामीण भागांत झालेल्या ‘फर्स्ट लुक’ चाचणीचा निकाल २०१८ मध्ये आला आणि तो जमिनीवर आणणारा होता. स्थानिक आरोग्य कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देऊन नियमित सोनोग्राफी सुरू केली, तरी माता-बालकांच्या मृत्यूंत किंवा दवाखान्यात येण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. दोष दिसणे ही पहिली पायरी. पुढे गाडी, रस्ता, शस्त्रक्रिया, रक्त हे सारे लागते.

मग डॉप्लर? नाळेतील रक्तप्रवाह मोजणाऱ्या या तपासणीने जोखमीच्या गरोदरपणात बाळांचे मृत्यू सुमारे २९ टक्क्यांनी घटू शकतात, असे ‘कोक्रेन’चा आढावा सांगतो. सरसकट सर्व गर्भवतींत मात्र असा लाभ सिद्ध झालेला नाही. म्हणजे जोखमीची माता कोणती, हे आधी ठरवावे लागते. अशक्त आणि कमी उंचीच्या माताच बहुसंख्य असतील, तर ‘जोखीम’ शब्दाची व्याख्या काय करायची?

भारतीय रेडिओलॉजिस्टांची संघटना, ‘इंडियन रेडिओलॉजिकल अँड इमेजिंग असोसिएशन’, २०१९ पासून ‘संरक्षण’ हा उपक्रम राबवते. प्रत्येक तिमाहीतील तपासणीत डॉप्लरची जोड द्यायची आणि अर्भकमृत्यू रोखायचे, हा हेतू. मध्य प्रदेशातील गुणा जिल्ह्यात तर दूरस्थ अहवालांच्या आधारे हे काम झाले आणि त्याचे निष्कर्ष शोधनिबंधांतून प्रसिद्ध झाले. हा मार्ग जव्हारला जवळचा वाटावा असाच आहे. फक्त गुण्याच्या अनुभवात तुलनेसाठी दुसरा गट होता का, आधीचे आकडे कितपत विश्वासार्ह होते, बाळंतपणानंतरची नोंद किती मातांची मिळाली, असे प्रश्न विचारता येणारा डॉक्टर हवा. संशोधनाचे प्रशिक्षण म्हणजे मुख्यतः हेच. शोधनिबंध लिहिता येणे ही त्यानंतरची गोष्ट.

क्षयरोगाच्या तपासणीत ‘एआय’ आहेच, मग माणूस कशाला?

हातात मावणारी क्ष-किरण यंत्रे घेऊन पथके वस्त्यांवर जाण्याचा प्रकार डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत देशभर दिसला. त्याला कारणही आहे. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणात सापडलेल्या रुग्णांपैकी ४२.६ टक्के केवळ लक्षणे विचारून हाती लागलेच नसते, ते छातीच्या एक्स-रेमुळे सापडले. एक्स-रे वाचायला संगणक चालेल, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ वर्षांवरील व्यक्तींसाठी मान्य केले. मुंबईच्याच ‘क्युअर डॉट एआय’ची प्रणाली अनेक देशांत वापरली जाते.

आता थोडा हिशोब. अशा चाळणी चाचणीकडून संघटनेची किमान अपेक्षा ९० टक्के रुग्ण पकडण्याची आणि ७० टक्के निरोगींना निरोगी म्हणण्याची आहे. एखाद्या परिसरातील १००० जण तपासले आणि त्यांत १० क्षयरुग्ण आहेत असे धरू. संगणक ९ पकडेल. उरलेल्या ९९० निरोगींपैकी २९७ जणांवरही संशयाची खूण करेल. म्हणजे खूण झालेल्या ३०६ जणांत खरे रुग्ण ९. साधारण चौतिसात एक. या ३०६ जणांचा बेडका तपासायला लागणारी कार्ट्रिज, वाहतूक आणि मजुरी बुडवून येणारी माणसे यांचा खर्च कोण धरतो?

ही खूण कोणत्या गुणांकावर करायची, ते बदलता येते. आधी बरा झालेला क्षय, धुळीत काम केल्याने फुप्फुसात झालेले बदल, चुलीचा धूर या सगळ्यांमुळे एका भागात योग्य असलेला गुणांक दुसरीकडे फसतो. म्हणूनच तो स्थानिक पातळीवर ठरवून घ्यावा आणि तो कसा ठरवावा, याची पुस्तिकाच २०२१ मध्ये जागतिक संघटनेने काढली. ते करायला रेडिओलॉजिस्ट लागतो, सांख्यिकी थोडीफार समजणारा. कंपनीचा विक्री प्रतिनिधी हे काम करू शकत नाही, आणि त्याने करूही नये.

सिकलसेलचेही तसेच. सिकलसेल झालेल्या मुलांच्या मेंदूतील रक्तप्रवाहाचा वेग डॉप्लरने मोजून, सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा अधिक असल्यास नियमित रक्त दिले, तर पक्षाघात ९० टक्क्यांहून अधिक टळतो, हे अमेरिकेतील ‘स्टॉप’ चाचणीने १९९८ मध्ये दाखवले. भारतात जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. भारतीय मुलांत या आजाराचा जनुकीय प्रकार बहुधा वेगळा आणि सौम्य मानला जातो. त्यांच्यासाठी २०० हीच रेषा योग्य का?

सध्याचे प्रशिक्षण कुठे कमी पडते?

कागदावर कमी नाही. एमडीच्या तीन वर्षांत प्रबंध सक्तीचा. आयसीएमआरच्या चेन्नईतील संस्थेचा संशोधन पद्धतीवरचा ऑनलाइन अभ्यासक्रम सक्तीचा. शिवाय परिषदेत सादरीकरण किंवा स्वतःच्या नावाचा शोधनिबंध. पण पहिल्या काही महिन्यांतच विषय नोंदवायचा असतो, तेव्हा विद्यार्थ्याला छाती आणि पोटाचा साधा एक्स-रे आत्मविश्वासाने वाचता येत नसतो. साहजिकच विभागात जे रुग्ण येतात त्यांचेच पन्नास-साठ एमआरआय गोळा करून ‘अमुक आजारात एमआरआयची भूमिका’ अशा छापाचा प्रबंध तयार होतो. तो बांधला जातो, कपाटात जातो.

खरे शिकण्यासारखे असते ते त्याआधीचे. दोन डॉक्टरांनी तीच छायाचित्रे स्वतंत्रपणे पाहिली तर किती वेळा एकमत होते? एकाच डॉक्टरने पंधरा दिवसांनी पुन्हा पाहिली तर? निदान खरे की खोटे हे अखेर कशावरून ठरवले, शस्त्रक्रियेवरून, बाळाच्या जन्मवजनावरून, की दुसऱ्या तपासणीवरून? मोठ्या रुग्णालयात संशयित रुग्णच येतात, म्हणून तिथे अचूक ठरलेली तपासणी पाड्यावर तितकी अचूक ठरत नाही, हे कुणी समजावले का? अमेरिकेतील रेडिओलॉजी संघटनेत अन्य देशांतील तरुण रेडिओलॉजिस्टना संशोधनाची ओळख करून देणारा स्वतंत्र उपक्रम आहे. पण शिकागोला जाणे मोजक्यांना जमते. जव्हारला एसटी जाते.

कायद्याची अडचण आहे का?

आहे, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. लिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे पहिले राज्य, १९८८चे. १९९४च्या केंद्रीय कायद्यानुसार प्रत्येक यंत्राची व जागेची नोंदणी आणि प्रत्येक गर्भवतीचा ‘एफ’ अर्ज बंधनकारक. त्या अर्जातील त्रुटी किरकोळ मानण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये नकार दिला. हलवता येणारे सोनोग्राफी यंत्र नोंदणीकृत जागेतच किंवा इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकातच वापरता येते. त्यामुळे पाठीवरच्या पिशवीत यंत्र टाकून पाड्यावर जाणे हा उत्साह गुन्हा ठरू शकतो. अभ्यासाची आखणी करताना पहिल्या दिवशी जिल्ह्याच्या सक्षम अधिकाऱ्याशी बोलावे लागते. हे शिकवणारा तास कोणत्याही ऑनलाइन अभ्यासक्रमात नसतो.

संमती कुणाची घ्यायची?

आयसीएमआरच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत आदिवासींवरील संशोधनाबद्दल स्पष्ट सांगितले आहे. संशोधनाचा लाभ त्या समाजाला व्हायला हवा, जिल्हाधिकारी किंवा आदिवासी विकास विभागासारख्या प्रशासनाची परवानगी हवी, स्थानिक बोली जाणणारी माणसे व साक्षीदार हवेत. गावच्या प्रमुखाने हो म्हटले तरी प्रत्येक व्यक्तीची संमती वेगळी घ्यावीच लागते. छापील मराठीतला चार पानांचा अर्ज वाचून दाखवणे आणि वारलीत समजावून सांगणे यांत मोठा फरक आहे. छायाचित्र संगणकाला शिकवण्यासाठी वापरले जाणार असेल तर तेही सांगायला हवे. एआयबाबतची आयसीएमआरची स्वतंत्र तत्त्वे २०२३ मध्ये आली आहेत. सोनोग्राफीच्या फाइलमध्ये मातेचे नाव, वय, तारीख दडलेली असते. फाइल पुढे पाठवण्यापूर्वी ती काढणे हे निवासी डॉक्टरचे काम.

तीन महिन्यांत होण्यासारखे आहे का?

एकट्याच्या तीन महिन्यांत एक गरोदरपणही पुरे होत नाही. त्यामुळे दर तीन महिन्यांनी नव्या डॉक्टरने नवा विषय काढणे निरर्थक. एकच नोंदवही, एकच मोजमापाची पद्धत आणि एका तुकडीने पुढच्या तुकडीकडे सोपवायचे काम, अशी साखळी लागेल. वर्षभरात चार जण येतील, चौघांचे प्रबंध त्याच माहितीच्या वेगवेगळ्या भागांवर होतील. डहाणूच्या केंद्राकडे सांख्यिकी आणि नैतिकता समितीची बाजू देता येईल. नियमातली एक मेख मात्र उरते. ज्या विषयाचा विद्यार्थी पाठवायचा, त्या विषयाची सोय व मनुष्यबळ रुग्णालयात हवे. जिथे रेडिओलॉजिस्ट नाही, तिथे शिकाऊ रेडिओलॉजिस्ट कुणाच्या हाताखाली शिकणार? दूरस्थ देखरेख ग्राह्य धरायची का, हे आयोगाने आणि राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाने ठरवायचे आहे.

आणखी एक व्यवहाराची बाब. बहुतेक कुटुंबे गावात भेटतात ती जून ते ऑक्टोबर, भातलावणीपासून कापणीपर्यंत. अभ्यासाला सर्वांत सोयीचे महिने हेच. याच महिन्यांत जव्हार-मोखाड्याच्या घाटात दरडी येतात, ओहोळ भरतात आणि काही पाड्यांची वाट बंद होते. निवासी डॉक्टरांच्या नेमणुकांचे वेळापत्रक महाविद्यालयात बनते. त्यावर पावसाचा रकाना नसतो.